आठ ओळींच्या खाली

मालकीणबाई म्हणजे तिची सख्खी नणंद, त्यामुळे अख्खं ऑफिस तिला वहिनीच म्हणायचं. काम सर्व्हर सांभाळण्याचं. पण हुद्द्याने हाक मारायचं कुणाला सुचलंच नाही. तीन खोल्या, सहा माणसं आणि दवाखान्यांतल्या रुग्णांना दर महिन्याच्या तपासणीची पुढची तारीख लावून देणारा एक प्रोग्राम, एवढाच सगळा पसारा.

त्या आठवड्यात तीन रुग्णांना तारीख मिळालीच नाही. एक म्हातारी बाई तर दोन तास बाकावर ताटकळून परत गेली. तिन्ही वेळा सर्व्हरच्या नोंदीत एरर उमटली आणि तिन्ही वेळा पहिल्या ओळीत एकच फाइल होती. मास्तरांची.

मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, आता इथे प्रोग्राम लिहायचे. त्यांनी जराही वाद घातला नाही, हेच वहिनीला खुपलं. दोन दिवस ते आपलाच कोड ओळीवर बोट ठेवून वाचत बसले. मग चहा घेताना हळूच म्हणाले, "मला चूक दिसतच नाही हो, वहिनी. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आता तो घरच्यांनाही ओळखत नाही."

वहिनी चहा तसाच ठेवून नणंदेच्या खोलीत गेली.

नणंदेने तोवर निकाल लावून टाकला होता. "उद्यापासून मास्तर कोडला हात लावणार नाहीत, फोन घेतील. मलाही वाईट वाटतंय, वहिनी. पण रुग्णांचा प्रश्न आहे."

"वन्सं, आजचा दिवस द्या मला."

"कशाला? एरर तर स्वच्छ सांगतेय."

स्वच्छ! तिथेच तर घोडं पेंड खात होतं. एरर आली की सर्व्हर तिचा ट्रेस लिहून ठेवतो, म्हणजे कुठल्या फाइलने कुठल्या फाइलला कामाला लावलं त्याची सगळी साखळी. दोन वर्षांपूर्वी नणंदेने नाक मुरडलं होतं, "हे लांबलचक रडगाणं वाचणार कोण?" तेव्हा प्रत्येक ट्रेसच्या पहिल्या आठ ओळी ठेवून बाकीच्या छाटायची सोय वहिनीनेच केली होती. नोंदी कशा चापूनचोपून बसल्या! वहिनीबाईंना शाबासकीही मिळाली. पण वरच्या ओळीत असतो तो नुसता ओरडणारा. मूळ कारण पार तळाशी लिहिलेलं असतं आणि हिने नेमका तळच कापला होता. मास्तरांची फाइल बिचारी बोंब मारत होती आणि हिने बोंब मारणाऱ्यालाच पकडून दिलं होतं. स्वतःचा इतका राग तिला आजवर आला नव्हता.

आधी तिने तो आठचा आकडा उडवला. आता अख्खा ट्रेस, मूळ कारणासकट, एकाच नोंदीत सलग उतरणार होता. पण उतरायला एरर तर यायला हवी! चाचणीच्या सर्व्हरवर ती रुग्ण बदलून बघू लागली, मग डॉक्टर, मग दवाखाने. प्रोग्राम कसा शहाण्यासारखा चालला. जेवायची सुट्टी होऊन गेली, डबा तसाच राहिला. आता तारखा. मागची तपासणी एक तारखेला, दोन तारखेला, तीन... काहीही झालं तरी आज छडा लावायचाच, असं पुटपुटत ती एकेक तारीख भरत गेली. तीस. ठीक. एकतीस.

एरर आली. अठ्ठावन्न ओळी!

तळाशी एक जुनी फाइल होती. मागच्या तारखेत एक महिना मिळवणारी. पुढच्या महिन्यात एकतीस तारीख नसली तरी ती तीच मागत होती. एकतीस तारखेला तपासण्या या वेळी पहिल्यांदाच झाल्या होत्या, म्हणून आजवर ते कळलंच नव्हतं. फाइल लिहिली होती नणंदेने, सात वर्षांपूर्वी, कंपनी घरातल्या जेवणाच्या टेबलावर चालायची तेव्हा.

गुपचूप दुरुस्त करून मोकळं होता आलं असतं. नवराही हेच म्हणाला असता, घरात कशाला कटकट. पण मग मास्तरांच्या मनातली ती भीती तशीच राहिली असती. वहिनीने ट्रेस छापला आणि दार न वाजवता नणंदेच्या खोलीत गेली.

"वन्सं, खालून वाचा."

नणंदेने वाचलं. "ही... माझी फाइल आहे."

"हो. आणि ती आठ ओळींखाली गाडली मी. मास्तरांचा यात काडीचाही संबंध नाही."

नणंदेने कागद उचलला. चूक कबूल करणं हा काही तिचा स्वभाव नव्हे, आणि वहिनी तर भांडायच्याच तयारीने आली होती. पण नणंद उठली, बाहेर आली आणि कागद स्वतः मास्तरांच्या पुढ्यात ठेवला.

"मास्तर, चूक माझी आहे. दवाखान्यांना मी फोन करते. तुम्ही तुमचं काम सोडायचं नाही."

मास्तरांनी ट्रेस तळापासून वर वाचला. पुन्हा एकदा वाचला. चष्मा काढून डोळे पुसले, ते त्यांना कुणापासून लपवताही आलं नाही.

"म्हणजे," ते वहिनीला म्हणाले, "मला चूक दिसत नव्हती, कारण ती तिथे नव्हतीच."