जपून ठेवलेल्या दहा गोळ्या

मी मॉर्फिनच्या दहा गोळ्यांचं पाकीट बोलतोय. आता रिकामा झालोय, त्यामुळे खरं बोलायला मोकळा आहे.

माझं काम एकच, कॅन्सरच्या माणसाची कळ थांबवायची. बरं करणं माझ्या हातात नाही. आषाढात मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी भरतच्या हातात पडलो. त्याच्या बापाचा, चांगूचा, कॅन्सर मणक्यात उतरला होता. "आत एकच नातेवाईक," असं दारावरचा माणूस ओरडला. भरत शिकलेला, म्हणून तो आत आला. चांगूचं हगणंमुतणं काढणारी त्याची आई, चंद्रभागा, बाहेर बाकावर राहिली. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "कडक औषध आहे, जपून वापरा. दर चार तासांनी एक. दोन दिवसांनी कळवा, पुढच्या गोळ्या देतो." भरतचं निम्मं लक्ष मोबाइलमध्ये होतं. आईबापाला गावी सोडताना पोलादपूरच्या स्टँडवर त्याने मला आईच्या मुठीत कोंबलं. "आये, लय कडक गोली हाय. जपून वापर," एवढं सांगून तो परतीच्या गाडीत चढला.

आमच्याकडच्या बाईला 'जपून' म्हणालात की ती वस्तू ट्रंकेत जाते. मीही गेलो, कापडे गावातल्या त्यांच्या घरात, ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत.

ट्रंकेपासून चांगूची खाट दोन हातांवर. तो टॉवेल दातांत धरून ओरडायचा. चंद्रभागा पाठ शेकायची, तेल चोळायची, देवाला नवस बोलायची. कधी ट्रंक उघडून मला हातात घ्यायची, दहाच्या दहा गोळ्या बोटाने चाचपायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. "जरा कळ काढा वो," ती नवऱ्याला म्हणायची. "गणपतीला समदी येतील, तवा देते."

यामागे कारण होतं. शिमग्याला तिची नणंद चंपाबाई मुंबईहून आली होती आणि भावाला कण्हताना बघून भर अंगणात म्हणाली होती, "माझ्या दादाला ही धड बघत नाय." तो बोल चंद्रभागेच्या काळजात काट्यासारखा रुतला होता. दहाच गोळ्या, पाच दिवसांचा गणपती. रोज दोन, सकाळच्या आरतीला एक, संध्याकाळच्या आरतीला एक. तिचा हिशोब अगदी बरोबर बसला होता. दोन महिने माणूस तडफडला आणि मी दोन हातांवर लुगड्यात उबेला पडून होतो. मला हात असते तर मी स्वतःला फोडून घेतलं असतं.

गणपती आले. पहिली गोळी घेतल्यावर तासाभरात चांगू भिंतीला टेकून बसला. आरतीला त्याने टाळ्या वाजवल्या, अर्धा मोदक खाल्ला. चंपाबाईने सगळ्यांसमोर भावजयीच्या पाठीवरून हात फिरवला. "वयनी, चांगला बघतेस गो दादाला!" चंद्रभागा लाजून हसली. मग औषध उतरलं की चांगूला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं जायचं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी महाडची नर्स हुमेरा आली. घरच्या घरी कॅन्सरचे पेशंट बघणं हे तिचं काम. भरतने गणपतीत चौकशी करून तिला कळवलं होतं. तिने मला उचललं. माझ्यावरचा कागद वाचला.

"मावशी, या आषाढात आणल्या होत्या ना? कधी संपल्या?"

"काल सांजच्याला. लय जपून वापरल्या बाय."

हुमेरा खाली बसली. "जपायच्या नव्हत्या मावशी. दिवसाला सहा द्यायच्या होत्या. या संपल्या की आम्ही दुसऱ्या देतो."

चंद्रभागेने तिच्याकडे बघितलं.

"परत मिलतात?"

हुमेराने मान डोलावली. चंद्रभागा पदर तोंडात कोंबून मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हुमेरा मोरीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "चूक आमची आहे. तुम्हाला कुणी विचारलंच नाही, सांगितलंच नाही." म्हणाली ते खरं होतं, पण त्याने काय होणार?

त्याच दुपारी दुसऱ्या गोळ्या आल्या. हुमेराने वेळा मराठीत लिहून भिंतीला चिकटवल्या, गोळीने शौचाला घट्ट होतं म्हणून पोट साफ व्हायचं पातळ औषध दिलं, आपला नंबर दिला, चंद्रभागेला समोर बसवून जेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा चांगू सलग झोप काढून जागा झाला होता. तो बायकोला म्हणाला, "चांगली हाय गो ही गोली. कंदी आली?"

चंद्रभागा हुमेराकडे बघू लागली. हुमेरा म्हणाली, "कालच आली बाबा."

तिने मला गुपचूप पर्समध्ये टाकलं. त्यानंतर चांगू अकरा दिवस जगला.

आता हुमेरा मला नव्या नर्सेसच्या, डॉक्टरांच्या शिकवणीला नेते. मी हातोहात फिरतो. त्या बाईने काय केलं हे ऐकून काही जण तोंड वाकडं करतात, एकदोघे हसलेसुद्धा. डोस विचारतात, तारीख विचारतात, पेशंट किती दिवस टिकला ते वहीत लिहून घेतात. ती बाई आता कशी आहे, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तेवढं एकदा विचारा. मग मला कचऱ्यात टाकलंत तरी चालेल.