दोन शामराव

डोक्याला बांधून आभासी दृश्यं बघायच्या चष्म्यातलं चित्र पारखणं, हाच राजरत्नचा पोटापाण्याचा उद्योग. लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर तो तेच करी. कुठे चित्र थरथरतं, कुठे कडा पुसट होतात, त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यामुळे वडिलांचं चित्रणही त्याने जीव ओतून केलं होतं. शामराव गेले त्याच्या थोडं आधी, चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून लसूण सोलत बसले होते, तेव्हाचं. चष्मा लावला की बाबा हातभर अंतरावर बसलेले, अगदी भरीव दिसत. हे सगळं आईसाठी होतं. तिचं रडणं जरा आवरलं, तेव्हा कुठे त्याने चष्मा घरी आणला.

आईने, चंपाबाईंनी, अंबाडा सोडून तो चढवला.

"दिसतायत का गं बाबा?"

"दिसतायत. पण दोन दोन दिसतायत रे. एकाच्या अंगावर दुसरे."

राजरत्नने पट्टा आवळला, सैल केला, भिंगं पुसली. मग दोन्ही भिंगं जवळ आणणारी चकती अडेपर्यंत फिरवली, तेव्हा त्याला कळलं. आईचे डोळे त्याहूनही एकमेकांच्या जवळ होते. जन्मभर हा चेहरा बघत आलेल्या या मोठ्या पारख्याच्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं! भिंगं आणखी जवळ यायला हवीत, असं त्याने ऑफिसात एकदा सुचवलंही होतं. अशी माणसं असतात किती, म्हणून साहेबांनी विषय मिटवला होता.

"एक डोळा मिटून बघ."

"हां, आता एकच आहेत. पण फोटोतल्यासारखे. फोटो काय, भिंतीवर आहेच की."

तिने चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "माझ्याच डोळ्यांत खोट आहे का रे? तुला कसे दिसतात, बघ बरं."

त्याने चष्मा लावला. बाबा समोर बसले होते, स्वच्छ, दाढीच्या खुंटांना लसणाचं साल चिकटलेलं. मान वर करून ते म्हणाले, "येतंय का रे नीट?"

"मलापण दोनच दिसतायत, आई. मशीनच भिकार आहे."

"मग चांगलं निघालं की आण हं."

"आणतो," तो म्हणाला. तसं कधी निघेल, निघेल की नाही, हे त्याच्या हातात नव्हतं. चष्मा काढला असता तर तिला त्याचे डोळे दिसले असते, म्हणून तो तसाच बसून राहिला.