शांत भाडेकरू

"बाबा, आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही. एक अक्षर नाही," तिने फाटकाशी थांबून पुन्हा एकदा बजावलं. ओठ नीट हलवून बजावलं, कारण बाबांना ऐकू येत नसे, ते बघून समजून घेत.

"कळलं गं! लहान आहे का मी?" बाबा म्हणाले, आणि कुंपणावरचे कावळे उडाले.

एजंटाने कपाळावर हात मारला. "अहो ताई, तरी सांगत होतो, ह्यांना घरी ठेवा."

"कसं ठेवू? राहणारी सगळी माणसं बघितल्याशिवाय खोली देणार नाही म्हणाल्या ना मालकीणबाई? तुम्हीच सांगितलंत."

एजंटाचंही खरं होतं, तिचंही खरं होतं, आणि बाबांचा तर काहीच दोष नव्हता. त्यांनी उभा जन्म बोटीच्या इंजिनखोलीत काढला. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. इंजिनाने कान खाल्ले, आवाज तेवढा मागे ठेवला. धक्क्यावर त्यांना सगळे भोंगा म्हणत आणि त्यांना त्याचा अभिमान होता. आपण हळूच बोलतोय अशीच त्यांची प्रामाणिक समजूत. आदल्या संध्याकाळी तिने त्यांना कुजबुजायला शिकवून बघितलं होतं. "कानात सांगा, बाबा," ती म्हणाली. "कानातच सांगतोय की!" बाबा म्हणाले, आणि शेजारणीने पलीकडून भिंतीवर थाप मारली.

राहती खोली महिनाअखेर सोडायची होती. मालकाला ती सीझनमध्ये पाहुण्यांना द्यायची होती, दिवसाच्या भाड्याने. ही अक्कल शहरातल्या सगळ्याच मालकांना एकदम आली होती. समुद्र दिसो न दिसो, खिडकीतून खारा वारा आला की झाली ती पाहुण्यांची खोली! आणि ती स्वतः किनाऱ्यावरच्या हॉटेलात चादरींना इस्त्री करायची. ज्यांच्यासाठी तिला घरातून उठवत होते, त्यांच्याच चादरी ती दिवसभर कडक करून देत होती. हसावं की रडावं, तिला कळेनासं झालं होतं.

परवडेल अशी खोली मिळायची मुश्कील, आणि मिळाली की बाबा बोलायचे. एका ठिकाणी तर सगळं ठरलं होतं, चहासुद्धा झाला होता, तेवढ्यात बाबांनी अगदी आपुलकीने विचारलं, "पाणी दिवसभर येतं ना हो?" आतलं तान्हं मूल दचकून जागं झालं ते गप्पच होईना. मालक म्हणाला, कळवतो. कशाचं कळवतोय!

मालकीणबाई बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या. "आत्ता कोण ओरडलं हो?"

"रस्त्यावर कुणीतरी टेम्पोवाला," एजंट म्हणाला. धंदाच त्याचा, पापणीही लवली नाही.

जिना घराच्या बाहेरूनच वर जात होता. खोली एकच, पण लांबरुंद. कोपऱ्यात मोरी, भिंतीत कपाट, खिडकीला नवी कडी. बाबांनी नळ उघडून बघितला, बंद करून बघितला, मग मोरीत वाकून पाणी कुठे वाहतं ते पाहिलं. त्यांच्या ओठांवर शब्द आलेला तिला दिसला. बाबांनी तो शब्द गिळला.

"पाहुण्यांना दिली तर दुप्पट मिळतील, ठाऊक आहे मला," मालकीणबाई म्हणाल्या. "पण खाली आमचे हे अंथरुणावर आहेत. जरा मोठा आवाज झाला की छातीत धडधड सुरू होते त्यांच्या. मागचे भाडेकरू चांगले होते हो, पण आपापसात भांडायचे. मला शांत माणसं हवीत. बाकी माझं काही मागणं नाही."

"आम्ही दोघंच आहोत, काकू. मी दिवसभर कामावर असते."

"आणि आजोबा? काय हो, जिना जमेल ना?"

बाबा हसले.

"गुडघे वगैरे ठीक ना?"

बाबा आणखी हसले. ओठ इतके घट्ट मिटले होते की पांढरे पडले होते. मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बोलत नाहीत का हे?"

एजंट छताकडे बघू लागला. कमी बोलतात, एवढंच तिला म्हणायचं होतं. देवाशपथ, एवढंच. पण महिनाअखेर आली होती, जीव टांगणीला लागला होता, आणि तोंडातून भलतंच निघून गेलं.

"नाही, काकू. त्यांना बोलता येत नाही."

ते बाबांनी तिच्या ओठांवरून वाचलं. क्षणभर ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. तिला वाटलं, आता उडणार भडका. पण बाबांनी सावकाश हात वर केला, गळ्यावर ठेवला आणि मालकीणबाईंकडे बघून मान हलवली.

"अरेरे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "सोमवारी या राहायला. आजोबांना काय हवं-नको ते मी बघेन दिवसा."

मोठा रस्ता लागेपर्यंत बाबा गप्प होते. मग म्हणाले, "झकास खोली आहे! मोरीला उतार काय सुरेख दिलाय!" समोरचा सायकलवाला दचकून खाली उतरला.

ती भर रस्त्यात रडायला लागली. "मला तसं म्हणायचं नव्हतं हो बाबा. मी जाते, खरं काय ते सांगते."

"खुळी आहेस का? खरं सांगून झोपणार कुठे, वाळूत?"

"मग तुम्ही काय कायमचे गप्प बसणार?"

"बोललोय की भरपूर. धक्क्यावर विचार कुणालाही!"

सोमवारी सामान हातगाडीवर चढलं. बाबा एक हात गाडीवर ठेवून चालत होते आणि सारखे बोलत होते. गाडीवाल्याशी बोलले, दुकानदारांशी बोलले, रस्त्यातल्या कुत्र्याशीही बोलले. लोक वळून बघत होते. एरवी तिने शंभरदा म्हटलं असतं, हळू बाबा. आज तिने एकदाही म्हटलं नाही. तिला ते सगळं ऐकून ठेवायचं होतं.

"तुझी आई पहिल्यांदा धक्क्यावर आली ना," ते सांगू लागले. हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. "मी खाली इंजिनात, तेलाने माखलेला. ही वरून वाकली. मी ओरडलो, कोण पाहिजे? तर म्हणते कशी..."

गाडी कोपऱ्यावर वळली. फाटकाशी मालकीणबाई उभ्या होत्या. बाबांना बघून त्यांनी हात हलवला, मग हातवारे करून, या, या, सावकाश, असं मोठ्या मायेने सांगितलं.

"काय म्हणाली आई?" तिने त्यांची बाही ओढून विचारलं. "बाबा, काय म्हणाली?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग गाडीवरची लोखंडी बादली उचलली, कडी वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरली, आणि एक एक पायरी जपून चढत वर गेले.