गठुडीचं बोट

जाळीमामाने आजवर इतके पिंजरे विणले होते, की ते एकाला एक जोडले असते तर एखादी कोंबडी आतल्या आत चालत थेट चंद्रावर गेली असती आणि वाटेत तिच्या पायाला चिखलसुद्धा लागला नसता. हे अर्थात त्याचंच म्हणणं. त्यामुळे त्याच्या नऊ वर्षांच्या भाचीने, टिल्लीने, दोन गिनिपिग घरी आणले तेव्हा पिंजरा कोण करणार असं कुणी विचारलंच नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पिंजऱ्याची अट घातली. कुणीतरी ह्या दोघींना त्यांच्या दवाखान्याच्या दारात सोडून गेलं होतं. "आज घेऊन जा," त्या टिल्लीला म्हणाल्या, "पण उद्या पाचला मी घरी येऊन पिंजरा बघणार. बरा वाटला तर ह्या तुझ्या. नाहीतर माझ्याबरोबर परत."

टिल्लीने एका रात्रीत त्यांची नावंही ठेवून टाकली. तपकिरी, गुबगुबीत ती गठुडी. पांढरी ती फुगी. आता त्या परत गेल्या असत्या तर टिल्लीने घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मामा पिंजरा घेऊन आला. तीन मजली! मजल्यामजल्याला शिडी, वर कमान, दाराला पितळी कडी. तळसुद्धा जाळीचाच, म्हणजे घाण आपोआप खाली. कोंबड्यांचे पिंजरे तसेच असतात आणि मामाने जन्मभर तेच केलं होतं.

"मामा, ह्यांना पंख नाहीत. तीन मजले कशाला?"

"गच्चीवर हवा खायला जातील. तू सोड गं त्यांना आत."

टिल्लीने सोडलं. फुगी जागच्या जागी थिजली. गठुडी दोन पावलं चालली, तिसऱ्या पावलाला तिचा मागचा पाय जाळीतून खाली गेला आणि तिने अशी शिट्टी मारली की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"पाय! मामा, तिचा पाय अडकला!"

गठुडी जसजशी ओढत होती, तसतशी तार आणखी रुतत होती. मामाने फुगीला बाहेर काढून खोक्यात टाकलं आणि जाळी कापायची कात्री उचलली. हजारो जाळ्या कापलेला हात, पण आज त्याने कात्री दोन्ही हातांनी धरली. त्या तारेच्या आत काडीएवढं हाड होतं.

"टॉवेल टाक तिच्यावर. धर. घट्ट नको. अगं, सैल पण नको!"

"मग कसं धरू?"

"तशीच धर. हलू नकोस. श्वाससुद्धा हळू घे."

कट्. एक तार. गठुडी हिसडली. कट्. दुसरी. तिसरी तार पायाला इतकी चिकटली होती की मामाला कात्रीचं टोक दिसेना. त्याने डोळे मिटले नाहीत एवढंच. कट्. पाय सुटला. टॉवेलवर रक्ताचा एक ठिपका उमटला.

"सुटली!" टिल्ली रडत रडत हसली.

मामाने पाय पुसला आणि बोटं मोजली. एक, दोन, तीन. त्याने पुढचा पाय पाहिला. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मागचा. तीन.

तिसऱ्या तारेबरोबर बोट गेलं होतं.

"टिल्ले, आतून कापूस आण. नीट शोधून आण, घाई नाही."

ती आत जाताच तो गुडघ्यांवर बसला. तारांचे तुकडे, वाळलं गवत, फरशीच्या फटी, सगळं चाचपलं. शेवटी पिंजऱ्याखाली सापडलं. तपकिरी, लांबुडकं, शेंगदाण्यापेक्षा लहान. त्याने ते जिवापाड जपून रुमालात बांधलं आणि वरच्या खिशात ठेवलं. खिसा एकदम मणभर जड झाला.

टिल्ली कापूस घेऊन आली. "मामा, सव्वाचार झाले. आता पिंजरा?"

"काय काय म्हणाल्या होत्या बाई?"

"तळ सपाट आणि भरीव. उंची नको, आडवी मोकळी जागा हवी. आणि लपायला घर, दोन दारांचं, म्हणजे एकीने दुसरीला कोंडायला नको."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं की! तू म्हणालास, मला शिकवू नकोस."

मामाने कात्री खाली ठेवली. खोलीभर नजर फिरवली. ती जेवणाच्या टेबलावर येऊन थांबली.

"उचल तिकडून."

"आई मारेल."

"मला मारेल. उचल."

टेबल उलटं झालं. चार पाय वर, मध्ये भक्कम लाकडी तळ. मामाने आपल्याच तीन मजली पिंजऱ्याची जाळी पट्टीपट्टीने सोडवून चार पायांभोवती ताणली, तारांची टोकं आत वळवली, कानशीने घासली. टिल्लीने तळाशी मेणकापड अंथरलं, त्यावर कागदाच्या पट्ट्या आणि गवत. बुटांच्या खोक्याला दोन दारं कापली. पाण्याची बाटली टांगली. पाचला दोन मिनिटं असताना दोघी आत गेल्या आणि लगेच खोक्यात गडप झाल्या.

बेल वाजली.

डॉक्टरीणबाईंच्या हातात एक हवेशीर पेटी होती. टिल्लीची नजर त्या पेटीवरून हटेना. बाईंनी तळहाताने तळ दाबला. जाळीच्या कडांवरून बोट फिरवलं. टेपने लांबी मोजली, रुंदी मोजली. "हं," म्हणाल्या. पुन्हा एकदा, "हं."

मामाला त्या दोन हुंकारांच्या मध्ये एक वर्ष गेल्यासारखं वाटलं.

"हे टेबल आहे का हो?"

"होतं," मामा म्हणाला.

"जागा चांगली आहे. ठीक. ठेवा ह्यांना."

टिल्लीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बाई वळल्या. आता नुसतं गप्प राहायचं होतं. दार लागलं की झालं. मामाचा हात खिशाकडे गेला, मागे आला, परत गेला. टिल्लीचं तोंड आनंदाने लाल झालं होतं, त्याला तिकडे बघवेना.

"बाई, थांबा. एक सांगायचंय. आधी मी दुसरा पिंजरा केला होता. जाळीच्या तळाचा. त्यात तपकिरीचा पाय अडकला. सोडवताना..." त्याने रुमाल पुढे केला. "माझ्या हातून तिचं बोट तुटलं. जपून ठेवलंय. शिवता येईल का?"

"मामा!" टिल्ली किंचाळली.

बाईंनी रुमाल उलगडला. बराच वेळ बघितलं. उजेडात नेऊन बघितलं.

"हे कुठे शिवू म्हणता?"

"मागच्या उजव्या पायाला."

"अहो जाळीवाले, ही लेंडी आहे."

बाईंनी फुगीला उचललं, तिचा मागचा पाय मामाच्या नाकासमोर धरला. "मोजा." एक, दोन, तीन. "ह्यांना पुढे चार, मागे तीनच असतात."

मामाने दुसरा पायही मोजला. तीनच. टिल्लीला हसू फुटणार होतं, पण बाईंचा चेहरा तसाच होता.

"पाय अडकला होता, हे मात्र खरं?"

"खरं."

त्यांनी गठुडीला खोक्यातून काढलं. घोट्याजवळची चीर पाहिली, बोटांनी हाड चाचपलं. गठुडी कुरकुरली. टिल्लीने मामाचा सदरा मुठीत पकडला.

"मला कळलं नसतं," बाई हळू म्हणाल्या, "तर पाय सुजला असता, आणि तुम्हाला वाटलं असतं गवत खाऊन सुस्तावली आहे." त्यांनी चीर धुतली, मलम लावलं. "दिवसातून दोनदा हे लावायचं. दर तीन दिवसांनी मला पाय दाखवायचा. कोण आणेल?"

"मी," मामा म्हणाला.

"मग राहू देत इथेच."

त्या पेटी घेऊन गेल्या, रिकामीच.

जिन्यात त्यांना टिल्लीची आई भेटली असावी, कारण ती दारात आली तीच विचारत, "काय रे, त्या बाई हसत का होत्या?" मग तिला टेबल दिसलं. "आणि आपण जेवायचं कुठे?"

"श्श!" मामा पोटावर पालथा पडला होता. "ताई, खाली बस. ती बाहेर येतेय."

आई खांद्यावरच्या पिशवीसकट बसली. खोक्याच्या दारातून आधी मिश्या आल्या, मग नाक, आणि मग लंगडत लंगडत अख्खी गठुडी. तिने गवताची एक काडी उचलली आणि तिघांकडे बघत बघत टोकापासून आत ओढून घेतली.