पलीकडची बाजू

अकरा वर्षं मी लॅकलन गेडीसला शिव्या घातल्या. आठवडाभर लोकांची छपरं दुरुस्त करायचा आणि शनिवारी आमच्या गावच्या फुटबॉल संघात उजव्या कडेने धावायचा. मध्यंतरात संघांनी बाजू बदलल्या, की त्याची उजवी कड मैदानाच्या पलीकडे जायची. तिकडे आडोसा नाही, समुद्राचा वारा थेट अंगावर. तरी मी बोव्हरिलचा, म्हणजे मांसाच्या अर्काच्या पेयाचा, गरम कप घेऊन तिकडे जायचोच. त्याचा एकही चुकलेला पास मला सोडायचा नव्हता. "गेडीस, छपरावरच बस, खाली उतरू नकोस!"

यंदा गुडघ्यामुळे त्याने खेळणं सोडलं. पहिल्याच सामन्यात मी सवयीने पलीकडे गेलो, तर हा कठड्याला टेकून उभा. त्याच्या जागी आलेल्या खेळाडूने चेंडू घालवला. मी तोंड उघडलं, तोच गेडीसने माझा दंड धरला.

"नको, मिल्रॉयकाका. रविवारी जेवतानाही तेच कानात वाजत राहतं."

मी चिडलो. "मग अकरा वर्षं गप्प का बसलास? उलट बोलायचंस की!"

"आणि तुम्ही यायचे बंद झाला असतात तर?" तो म्हणाला. "इकडे दुसरं होतं कोण?"