पेन्सिलीखालची तीट

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. साल पंच्याण्णव, दसऱ्याला महिनाभर राहिलेला. इंदापुरात सोमनाथच्या फोटो स्टुडिओत कॅमेऱ्याचा खटका दाबला गेला आणि मी जन्मले. मी एक निगेटिव्ह आहे, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. माझ्यात सगळं उलटं दिसतं, काळं ते उजळ आणि उजळ ते काळं, म्हणून मला कोणी निवांत बघत नाही. गेली चार वर्षं मी एका पत्र्याच्या डब्यात आहे. माझ्या पोटात एका आईची वस्तू अडकून पडलीय. तिला ती मिळावी म्हणून हे बोलणं.

त्या दिवशी तमाशात नाचणारी सारजा फोटो काढायला आली होती. दसऱ्याला फड गावोगाव निघतो, त्याआधी जाहिरातीसाठी नवे फोटो लागतात. छापायला काळा-पांढरा बरा पडतो, म्हणून सोमनाथनं जुना कॅमेरा काढला होता. नऊवारी, गजरा, हात कमरेवर, मान तिरकी. असे अकरा फोटो झाले. रोलवर एकच जागा उरली, ती माझी.

एवढा वेळ सारजाची आई तानूबाई दाराशी पाच महिन्यांच्या पायलला घेऊन बसली होती. पायल रडून रडून निळी झालेली. सारजा जवळ गेली की आणखीच रडायची, कारण रंग लावलेल्या आईला ती ओळखतच नव्हती. मग सारजानं खोबरेल तेलानं तोंड पुसलं, केस सोडले, लेकीला मांडीवर घेतलं. पोर गप्प झाली. आईचं तोंड न्याहाळायला लागली.

सारजानं काजळाच्या डबीत बोट घातलं आणि पायलच्या डाव्या गालावर तीट लावली.

"दादा, आता आमा दोघींचा एक काढा. ह्यो जाहिरातीला न्हाय, माझ्या पेटीत ठिवायला. आठ म्हयनं लेकीचं तोंड दिसायचं न्हाय मला. हसू का?"

"नका हसू. हाय तसंच बसा."

"अगं बया! हसू नका म्हणणारा पयलाच भेटला."

तेवढ्यात खटका वाजला.

बाकी फोटोंत सारजा सगळ्यांची होती. माझ्यात ती फक्त पायलची आहे.

पुढं सोमनाथनं आम्हा बारा जणींना बारामतीला श्रीपती आबांकडं नेलं. आबा निगेटिव्हवर पेन्सिल चालवून डाग काढायचे. पुटकुळ्या, देवीचे व्रण, सगळं. माणसाच्या तोंडावरचा काळा डाग निगेटिव्हवर मोकळा ठिपका होतो. तो पेन्सिलीनं भरला की फोटोतून डाग जातो.

"तमाशातल्या बाईचे हायत, आबा. सगळ्यांवरचे डाग काढा," एवढंच सांगून सोमनाथ गेला. मांडीवर लेकरू आहे, त्याच्या गालावर तीट आहे, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही.

पेन्सिल उमटावी म्हणून आबांनी माझ्यावर रोगण चोळलं, डोळ्याला भिंग लावलं. सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं सारजाच्या हनुवटीवरचा व्रण भरला. मग पायलच्या गालाकडं आले. मी ओरडत होते, आबा, तो डाग नाही! पण आम्हाला कुठं तोंड असतं? तीट बुजली.

फोटो न्यायला सारजा आली तेव्हा फडाचा ट्रक रस्त्यावर हॉर्न देत होता. तिनं फोटो हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला.

"तीट कुठाय?"

"डाग वाटला, काढला. बघा, कसं सोन्यासारखं दिसतंय."

"डाग? माझ्या बोटानं लावली हुती मी ती. तुमच्या आईनं तुमाला कधी लावली न्हाय वाटतं!"

सोमनाथ ओशाळला. त्यानं ब्रश शाईत बुडवला आणि फोटोवर टिंब देऊन टाकलं. उजव्या गालावर.

"डावा गाल हाय ह्यो? आन् तुमी लावलेली तीट काय कामाची? माझीच परत काढा."

"ती आता कुठली येती, बाई? एकदा पेन्सिल फिरली की फिरली."

सोमनाथ मुद्दाम खोटं बोलला नाही, त्याला तसंच वाटत होतं. रंगीत फोटोत वाढलेला गडी, पेन्सिलीचं काम त्यानं कधी शिकलंच नव्हतं. ट्रक थांबेना. सारजानं फोटो पदराखाली घेतला आणि पळाली. मी पाकिटात आणि पाकीट डब्यात गेलं.

माघाच्या जत्रांत तिला निरोप आला, पायल तापानं फणफणलीय. ती तशीच लेकीकडं धावली. एकोणीस दिवस ताप उतरेना. तानूबाईनं पायलला त्यांच्या गावाहून, सुप्याहून, बारामतीला दवाखान्यात आणलं, तिथं तिचा ताप हटला. परत फडाकडं जाताना सारजा इंदापूरला उतरली. डब्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, ती निगेटिव जाळून टाका."

"का हो?"

"राहुटीत येणारी जाणारी फोटो बघायची. काय गोड हाय गं, म्हणायची. आन् माझी लेक उघड्या गालानं सगळ्यांम्होरं. डाक्टर म्हणला थंडी बाधली. बाधली असंल. पर रातच्याला माझं मन ऐकतंय व्हय? फोटो पालथा घालून ठिवलाय पेटीच्या तळाला. आता बघतच न्हाय मी."

"जाळतो," सोमनाथ म्हणाला. पण त्याचा हात झाला नाही.

दृष्ट लागते का, मला माहीत नाही. मी रसायनातून निघालेली वस्तू. मला एवढंच कळतं, की लेकीला मागं ठेवून गावोगाव फिरणाऱ्या बाईजवळ लेकीचा एकच फोटो, आणि तोही तिला भीतीपोटी बघवत नाही. आपल्याच हातानं लेकीला उघडं टाकलं, असं तिला वाटतं.

दोन वर्षांनी आबा लग्नाला म्हणून इंदापूरला आले. बोलता बोलता सोमनाथनं ही गोष्ट काढली. आबांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अरं, टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की सगळं शिसं निघतं! तीट खाली हाय तशीच हाय. इचारायचंस तरी मला."

"मला काय ठावं, आबा."

आबांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "चाळीस वर्सं डाग काढतोय. त्यातल्या किती तिटा हुत्या, देव जाणं."

सोमनाथनं मला उजेडात धरलं, बोळाही हातात घेतला. आबांनी त्याचा हात धरला. "आता नगं. तिच्याम्होरं पूस. न्हायतर पुन्यांदा शाईचंच टिंब म्हणंल."

खरं होतं ते. सोमनाथनं फडाच्या मालकाकडं निरोप धाडला. उत्तर आलं, सारजा फड सोडून दुसऱ्या फडात गेली, खानदेशाकडं. कोणत्या, ते कोणाला सांगता आलं नाही. तानूबाईही सुप्यातून कुठं गेली, कळलं नाही.

आता नव्व्याण्णव साल आहे. डब्यात ओल येते. माझ्या एका कडेनं बुरशी चढतेय, अजून ती सारजाच्या खांद्यापर्यंतच आली आहे. पायलच्या गालापर्यंत पोचायला किती दिवस लागतील, हाच घोर मला असतो.

तेव्हा बायांनो, बाबांनो, तुमच्या गावच्या जत्रेला फड आला तर राहुटीशी जाऊन एवढं विचारा, "सारजा कोण हाय? पायलची आई?" भेटली तर तिला सांगा, निगेटिव्ह जाळलेली नाही, तीट गेलेली नाही. इंदापूरला सोमनाथच्या स्टुडिओत लवकर ये. आणि ती नाही भेटली, तर दुसऱ्या फडातल्या बायकांना सांगून ठेवा. त्या पुढच्या गावाला सांगतील.