पाण्यावरचा कॉम्प्युटर

मे महिन्यात अकोल्यात बसून थ्रीडीचं काम करायचं ठरवणारी बाई एकतर वेडी असते, नाहीतर अडलेली. मी दोन्ही होते.

माझं काम असं, की जी घरं अजून बांधलेलीच नाहीत ती मी कॉम्प्युटरवर उभी करते, रंगवते, त्यांच्या खिडक्यांतून ऊन पाडते आणि त्याची छोटी फिल्म करते. मालक ती कौतुकाने बघतो आणि मग संडासाची जागा बदलायला सांगतो. हे सगळं मी अमरावतीला वकार सरांच्या ऑफिसात शिकले. मागच्या वर्षी नागसेनशी लग्न झालं आणि अकोल्याला आले. नागसेन तेल्हाऱ्याच्या बँकेत आहे. सकाळच्या एसटीने जातो तो दिवेलागणीला येतो. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. दिवसभर घरात मी आणि माझ्या सासूबाई, जाईबाई.

अकोल्यात माझ्या कामाला गिऱ्हाईक मिळेना. दुपारी एका कॉम्प्युटर क्लासवर शिकवत होते, पण त्यात जीव रमत नव्हता. पुण्याच्या एका कंपनीने जूनपासून नोकरी देऊ केली. नागसेनची बदली होण्यासारखी नव्हती. म्हणजे नवरा तेल्हाऱ्यात, बायको पुण्यात आणि दोघांचा लग्नातला फोटो अकोल्याच्या भिंतीवर. नागसेन म्हणायचा, "तुही मर्जी." त्याच्या या समजूतदारपणाचा मला इतका राग यायचा की विचारू नका. सासूबाई तर होही म्हणाल्या नाहीत आणि नाहीही.

तेवढ्यात वकार सरांचा फोन आला. पुण्याचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात नवा विहार बांधायचा होता आणि नकाशा सरांचा होता. रविवारी गावाची बैठक, तिथे फिल्म दाखवायची.

"शनिवारी पाचपर्यंत फिल्म माझ्या हातात पाहिजे," सर म्हणाले. "दिलीस तर आगे का सब काम तुझं, घर बैठे. नाही दिलीस तर मला नागपूरचा माणूस धरावा लागेल. मग बुरा मत मानना."

फिल्म मी करू शकत होते, माझा कॉम्प्युटर करू शकत नव्हता. असली फिल्म तयार करताना मशीन तासन्‌तास तापतं आणि अकोल्यात तर सकाळी अकरा वाजताच गार काही उरत नाही. आतले पंखे बिचारे फिरत, पण गरम हवा गरम मशीनवर मारून काय होणार? थोड्या वेळाने तो स्वतःला वाचवायला बंद पडायचा आणि मी त्याला शिव्या घालायचे.

यावर उपाय पाण्याचा. मशीनच्या सगळ्यात तापणाऱ्या भागांवर तांब्याचे पोकळ ठोकळे बसवायचे, त्यांतून पाणी खेळवायचं, तापलेलं पाणी जाळीतून नेऊन गार करायचं आणि परत आत पाठवायचं. तयार सामान माझ्या ऐपतीबाहेरचं होतं. ठोकळे तेवढे जुने मिळाले, बाकीचं मी जमवलं. एका मोडीत निघालेल्या गाडीच्या हीटरची तांब्याची जाळी भंगारवाल्याकडून आणली. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. गॅसच्या नळीचे क्लॅम्प लावले. पाण्याची टाकी म्हणून लोणच्याची मोठी काचेची बरणी घेतली, तिच्या झाकणाला भोकं पाडली आणि पाणी फिरवायला आत एका जुन्या कूलरचा छोटा पंप सोडला. पाणी किती तापलं ते कळावं म्हणून मासे पाळणाऱ्यांकडे असतो तो आकडेवाला छोटा थर्मामीटर आत सोडला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी ओतलं, गंज धरू नये म्हणून गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं औषध मिसळलं आणि खाली पेपर अंथरून दिवसभर बसले. दोन ठिकाणी गळलं. पुन्हा आवळलं. मग गळायचं थांबलं.

"बरनी आपली हाये का?" सासूबाईंनी एवढंच विचारलं. कैऱ्या बाजारात आलेल्या होत्या.

खरा गोंधळ पुढेच होता. जाळीला गार हवा हवी आणि आमच्या घरात गार हवा एकाच ठिकाणी, खिडकीतल्या कूलरच्या तोंडाशी. मी जाळी तिथे स्टुलावर उभी केली आणि नळ्या टेबलापर्यंत ओढल्या. फक्त त्या जागेवर आधी सासूबाईंची खाट होती. दुपारची जेवणं झाली की कूलरसमोर आडवं व्हायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं. सासूला कूलरसमोरून उठवणारी सून आख्ख्या वऱ्हाडात मीच असेन. त्यांनी मुकाट्याने खाट आतल्या खोलीत नेली. मशीनला मात्र नाव ठेवलं, बंब. "तुहा बंब तापला का?" असं रोज विचारायच्या. मला ते टोमण्यासारखं लागायचं. मी मनात म्हणायचे, असू दे, पुण्याला गेले की बसा निवांत.

पण बंब चालला. बाहेर भट्टी पेटलेली आणि बरणीतला आकडा चाळिशीच्या खाली. मला इतका आनंद झाला की नागसेनला बँकेत फोन करून आकडा सांगितला. "साठच्या वर गेला का बंद पडते," मी ओरडून सांगत होते, "तवरिक काई चिंता नाई!" तो कुणाच्या तरी पासबुकात गुंतला होता.

शनिवार उजाडला. फिल्म पहाटेच लावली होती, दुपारी चारपर्यंत होईल असा अंदाज होता. क्लासची बॅच मात्र बाराची आणि सुट्टी मागायची सोय नव्हती. निघताना मी सासूबाईंना बजावलं, "आई, मी येतवरिक कशालेच हात लावू नका. काईच करू नका."

"बरं," त्या म्हणाल्या.

बॅच अर्ध्यावर आली आणि लाईन गेली, पंखे थांबले. पोरांनी आरडाओरडा केला, एकाने खिडकीतून पाहून जाहीर केलं की सगळ्या भागातली गेली आहे. मी "बसा रे शांत" म्हणत होते आणि म्हणता म्हणताच मला घरचं मशीन आठवलं. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे. त्यावर पंखे, दिवे आणि माझं टेबल चालतं. कूलर त्यावर नाही. म्हणजे मशीन तापत राहणार, पाणी फिरत राहणार आणि जाळीसमोरचा कूलर मेलेला. आकडा साठवर जायला कितीसा वेळ लागणार? मशीन बंद पडलं, की उरलेलं काम पाचच्या आत होणं शक्यच नव्हतं.

पर्समधून फोन काढला. घरून चार-पाच वेळा येऊन गेला होता. उलटा लावला तर नुसती रिंग वाजत राहिली. सासूबाई उचलेनात. नक्की काहीतरी झालं होतं. मी पोरांना तसंच सोडलं आणि गाडी काढली. सीट इतकी तापली होती की अर्ध्या रस्त्यापर्यंत मी उभ्यानेच चालवली म्हटलं तरी चालेल. डोळ्यांसमोर नागपूरचा माणूस दिसत होता. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी दिसत होता, आणि हसतही होता.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि पाय ओला झाला. फरशीभर पाणी.

जाळीसमोर सासूबाई पाटावर बसल्या होत्या. पदर खोचलेला, केस सुटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. शेजारी बादली. एका हाताने तांब्याने जाळीवर पाणी सोडत होत्या आणि दुसऱ्या हाताने सुपाने वारा घालत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "आई! म्या सांगतलं व्हतं ना हात लावू नका म्हनून! पानी टाकून राहिल्या तुमी? त्या मशीनवर? तुमाले त पायजेच व्हतं हे बंद पडाले!"

त्यांनी सूप थांबवलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आदी आकडा पाह्य," त्या म्हणाल्या. "मंग बोंबल."

मी बरणीकडे बघितलं. त्रेपन्न. टेबलाकडे बघितलं. मशीन चालू होतं, पडद्यावर विहाराच्या पायऱ्यांवर ऊन पडलेलं दिसत होतं आणि खालची पट्टी पाऊणच्या पुढे सरकली होती. पाणी फक्त जाळीवर होतं. टेबलाजवळ एक थेंब नव्हता. जमिनीवरचा विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यांनी उचलून खुर्चीवर ठेवला होता. टेबलाच्या पायांभोवती गोणपाटाची वळकटी टाकून पाणी अडवलेलं होतं.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

"लाईन गेली न् तो आकडा भरभर चढाले लागला," त्या सुपाच्या तालावर सांगत होत्या. "तुले फोन लावला, त तू उचलत नाई. नागसेनचा लागत नाई. तूच म्हनत व्हती ना त्याले, साठ झाले का बंद पडते. मंग बसली मी. कूलर काय करते? पानी टाकते न् वारा घालते. पानी व्हतं, सूप व्हतं."

"मंग माहा फोन काहून नाई उचलला?"

"हात सोडला का लगेच चढे तो. दोनदा सोडून पाह्यला."

मी सूप मागितलं. त्यांनी दिलं नाही, तांब्या दिला. मग मी पाणी सोडायला लागले आणि त्या वारा घालायला. थोड्या वेळाने अदलाबदल केली, कारण त्यांच्या हातातलं सूप खाली खाली येत होतं आणि त्या ते कबूल करत नव्हत्या. आकडा बावन्नवर आला, मग पन्नासवर. कोरड्या हवेत ओली जाळी किती गार होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कूलरच त्यावर चालतो. पण मला काय माहीत आहे त्याचा त्या वेळी काय उपयोग होता? मी क्लासवर होते.

लाईन आली तेव्हा कूलर खडखडून सुरू झाला आणि आम्ही दोघी तशाच त्याच्यासमोर बसून राहिलो. चारच्या सुमाराला फिल्म पूर्ण झाली. मी एकदा सगळी बघितली, सासूबाईंनाही दाखवली. विहाराचं दार उघडलं, आत ऊन पसरलं आणि त्यांनी नकळत हात जोडले. मग मी ती सरांना पाठवली. नेट रखडत होतं, पण गेली. काही वेळाने सरांचा फोन आला.

"पाहिली," ते म्हणाले. "बढिया आहे. पायऱ्या थोड्या रुंद करायच्या आहेत, ते सोमवारी करू. आणि धामणगावचं एक काम आहे, तेही तुलाच पाठवतो. पुण्याला नाही म्हणून कळवून टाक."

फोन ठेवला आणि धावतच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई लिंबाचं सरबत करत होत्या. उजव्या हाताने चमचा धरवत नव्हता म्हणून डाव्या हाताने ढवळत होत्या.

"आई, काम भेटलं. आता पुन्याले जात नाई मी."

"हं," त्या म्हणाल्या.

"आन्‌ मी तुमाले नाई ते बोलली. मले वाटे, तुमाले हे मशीन नकोच हाये."

"नकोच हाये. कोनाले पायजे ते घरात?"

"मंग एवढं काहून केलं?"

त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. "नागसेनचा बाप गेल्यापासून दिवसभर या घरात मी एकटीच राहो. सकायी पोरगा गेला का संध्याकायवरिक तोंड उघडाचं कामच नसे. आता दिवसातून धा वेळा तुहा राग येते मले. आज त तू अशी वरडली का शेजारची पार्बताबाई पाहाले आली व्हती दारात." त्यांनी स्वतःचा ग्लास भरला. "तू पुन्याले गेली असती त मी कोनाचा राग केला असता?"

मला रडूच फुटलं. रागीट माणसांचं रडणंही आरडाओरड्यासारखंच असतं. त्यांनी मला थोडा वेळ रडू दिलं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "मंग आता फडकं घे न् फरशी पूस. नागसेन येऊन पाय घसरून पडीन."

मी फडकं घेतलं.